‘साधारणतः सहा महिने’ म्हणजे किती? करार कुणी मोडला हे कोर्ट कसं ठरवतं

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही एका ठेकेदाराशी शेड बांधून घेण्याचा लेखी करार केला. त्यात ‘काम साधारणतः सहा महिन्यांत पूर्ण करावे’ असं वाक्य आहे, आणि उशीर झाल्यास दर आठवड्याला ठरावीक रक्कम कापण्याचंही कलम आहे. दहाव्या महिन्यात काम अर्धवट असताना तुम्ही हप्ता अडवला, ठेकेदाराने माणसं काढून घेतली. तुम्ही म्हणता करार त्याने मोडला. तो म्हणतो, नकाशे तुम्ही दोन महिने उशिरा दिलेत, वर पैसे थांबवलेत, म्हणजे मोडणारे तुम्हीच. तुमची सगळी भिस्त आहे ती ‘सहा म्हणजे सहाच महिने’ हे बोलणं ऐकलेल्या दोन साक्षीदारांवर. कोर्ट कुणाचं ऐकेल?

उत्तर लांबणार, कारण इथे तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कराराच्या शब्दांचा अर्थ काय, तो आधी कुणी मोडला, आणि मोडला म्हणून किती भरपाई मिळणार. पक्षकार फाइल घेऊन समोर बसले की त्यांचा सगळा जोर पहिल्या प्रश्नावर असतो. वीसेक वर्षं दिवाणी दावे चालवल्यावर माझा अनुभव असा आहे की दावे दुसऱ्या प्रश्नावर फिरतात आणि तिसऱ्यावर हातचे जातात.

आधी साक्षीदारांचं बघू, कारण तिथेच तुमची बाजू सर्वात लंगडी आहे. जे दोघांनी कागदावर उतरवलं ते कागदावरूनच सिद्ध करायचं, आणि त्याच्या विरुद्ध जाणारा, त्यात भर घालणारा किंवा त्यातून काही वजा करणारा तोंडी पुरावा पक्षकारांना देता येत नाही, हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 91 आणि 92 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 आला. कलमांचे आकडे 94 आणि 95 झाले, नियम होता तिथेच आहे. कागदावर ‘साधारणतः’ असताना ‘सहाच ठरले होते’ असं सांगणारा साक्षीदार म्हणजे कागदावरचा एक शब्द पुसायला आणलेला माणूस. समोरचा वकील पहिल्याच प्रश्नाला हरकत घेईल, आणि ती मान्य होईल.

अपवाद आहेत, पण ते नीट समजून घ्या. फसवणूक, दबाव किंवा चूक झाली असेल तर तोंडी पुरावा चालतो. कागद ज्या बाबतीत गप्प आहे आणि वेगळं तोंडी ठरलेलं कागदाशी विसंगत नाही, तिथेही चालतो. अमुक घडल्याशिवाय जबाबदारी सुरूच होणार नाही असं तोंडी ठरलं असेल, तर तेही सांगता येतं. हा कागद नुसता दिखाऊ होता, त्यावर कुणीच अंमल करणार नव्हतं, हेही तोंडी सांगता येतं. गंगाबाई विरुद्ध छब्बूबाई या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलं आहे. आता गंमत बघा. यातला कोणताही अपवाद तुमच्या उपयोगाचा नाही, पण ठेकेदाराच्या आहे. नकाशे कुणी आणि कधी द्यायचे याबद्दल करार गप्प असेल, तर ‘नकाशे मालकाने पहिल्या आठवड्यात द्यायचे ठरलं होतं’ हे तो तोंडी सांगू शकतो. नियम तोच, पण तुमच्यासाठी बंद असलेलं दार त्याच्यासाठी उघडं राहतं.

संदिग्ध शब्दांचेही दोन प्रकार आहेत, आणि जुन्या पुरावा कायद्यातली उदाहरणं इतकी नेमकी आहेत की मी ज्युनिअरना अजून तीच सांगतो. ‘घोडा 1,000 किंवा 1,500 रुपयांना विकायचा’ असं लिहिलं असेल, तर नक्की कोणती किंमत हे बाहेरून सिद्ध करता येत नाही. दोष कागदाच्या तोंडावरच दिसतो आणि तो भरून काढणं हे कोर्टाचं काम नाही. याउलट ‘माझं कलकत्त्याचं घर’ विकलं, शब्द अगदी स्वच्छ आहेत, पण विकणाऱ्याचं कलकत्त्यात घरच नाही, हावड्यात आहे आणि खत झाल्यापासून खरेदीदार तिथे राहतोय. इथे हे सगळं सिद्ध करता येतं, कारण घोटाळा कागदावर नव्हता, कागद प्रत्यक्षाला लावायला गेल्यावर निघाला. इंग्लंडमधला 1864 चा एक खटला याच जातीचा. मुंबईहून ‘पीअरलेस’ जहाजाने येणाऱ्या कापसाचा सौदा झाला, आणि त्या नावाची दोन जहाजं निघाली, एक ऑक्टोबरमध्ये सुटलेलं, एक डिसेंबरमध्ये. घेणाऱ्याच्या मनात एक, देणाऱ्याच्या मनात दुसरं. करार उभाच राहिला नाही.

पण असं क्वचित घडतं. एरवी कोर्ट तुमच्या मनात डोकावत नाही. करार करताना दोघांना जी परिस्थिती माहीत होती, ती माहीत असलेल्या एखाद्या तिऱ्हाईत शहाण्या माणसाला हे शब्द वाचून काय कळलं असतं, एवढंच बघितलं जातं. तेही एक कलम सुटं काढून नाही, अख्खा करारनामा एकत्र वाचून. छापील मजकुरावर हाताने लिहिलेला मजकूर मात करतो, सर्वसाधारण कलमावर विशिष्ट कलम मात करतं. ‘अन्य कलमांत काहीही असले तरी’ अशी सुरुवात असलेलं कलम बाकीच्यांच्या डोक्यावर बसतं. या तर रोजच्या गोष्टी.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघायचं असेल तर न्यूयॉर्कमधला 1960 चा निकाल वाचण्यासारखा आहे. स्विस खरेदीदार, अमेरिकी विक्रेता, गोठवलेल्या ‘चिकन’चा सौदा. माल आला तो वयस्कर, उकळून शिजवायच्या कोंबड्यांचा. खरेदीदार म्हणाला, चिकन म्हणजे कोवळी कोंबडी. न्यायाधीश फ्रेंडली यांनी एकेक धागा ओढून पाहिला. शब्दकोशात दोन्ही अर्थ. दोघांमधल्या जर्मन तारांमध्ये नेमका ‘चिकन’ हा इंग्रजी शब्द का वापरला? धंद्यातले लोक काय म्हणतात? सरकारी नियमांत व्याख्या काय आहे? ठरलेल्या भावात कोवळी कोंबडी परवडली असती का, की विक्रेत्याला पहिल्या दिवसापासून तोटाच झाला असता? शेवटी निकाल गेला तो एका साध्या मुद्द्यावर: शब्दाचा अरुंद अर्थ जो सांगतो, तो सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, आणि खरेदीदाराला तो पेलला नाही. तुमच्या ‘साधारणतः’बाबत तुम्ही त्या खरेदीदाराच्या जागी आहात.

‘पण असा अर्थ लावला तर मला किती अन्याय होतो’ हा युक्तिवाद पक्षकारांना फार प्रिय असतो. त्यावर 2015 चा ब्रिटिश सुप्रीम कोर्टाचा निकाल डोळ्यांसमोर ठेवा. वेल्समध्ये सुट्टीत राहायच्या घरांचे 99 वर्षांचे भाडेपट्टे होते. देखभालीचा वार्षिक आकार सुरुवातीला 90 पौंड, आणि काही पट्ट्यांत तो दरवर्षी चक्रवाढीने 10 टक्क्यांनी वाढायचा. हिशेब मांडला तर 2072 साली एका घराचा वर्षाचा आकार साडेपाच लाख पौंडांच्या वर जात होता. चार न्यायाधीश म्हणाले, शब्द स्पष्ट आहेत, सौदा वाईट निघाला म्हणून आम्ही तो नव्याने लिहून देणार नाही. एकटे लॉर्ड कार्नवाथ विरोधात गेले. मला स्वतःला त्यांचं म्हणणं जास्त पटतं, पण माझ्या पटण्याला कोर्टात किंमत नाही. आपल्याकडेही सूर हाच आहे. 2017 मध्ये निकाल लागलेल्या एका प्रकरणात वीज कंपन्यांनी इंडोनेशियाच्या कायद्यातल्या बदलामुळे कोळसा महागल्याचं कारण पुढे करून करारातून सूट मागितली. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काम जड झालं, खर्चिक झालं, म्हणजे अशक्य झालं असं नाही. तेव्हा ‘लोखंड महागलं’ असं तुमचा ठेकेदार म्हणत असेल आणि करारात भाववाढीचं कलम नसेल, तर त्याची चिंता करू नका.

न लिहिलेली अट कोर्ट कधी वाचून घेतं का? घेतं, पण नाखुशीने. ती अट इतकी उघड असायला हवी की शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याने विचारलं असतं तर दोघेही ‘अहो, ते तर आहेच’ म्हणाले असते, आणि तिच्याशिवाय करार चालूच शकत नसावा. नाभा पॉवरच्या 2017 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने या कसोट्या मांडल्या आणि त्या जपूनच लावायच्या असंही बजावलं. ज्याने मसुदा केला त्याच्या विरुद्ध अर्थ लावायचा हा नियमही सगळ्यांना ऐकून माहीत असतो. तो शेवटचा उपाय आहे आणि दोघांनी बसून, खाडाखोड करून केलेल्या करारात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

त्यापेक्षा खूप मोलाची गोष्ट म्हणजे करारानंतर दोघे कसे वागले. शब्दाला दोन अर्थ निघत असतील तर पक्षकारांनी स्वतः त्याचा काय अर्थ घेतला हे त्यांच्या वागण्यावरून बघता येतं. गोध्रा इलेक्ट्रिसिटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं आहे. म्हणून मी पक्षकाराला करारनामा मागायच्या आधी फोनमधले निरोप मागतो. सातव्या महिन्यात तुम्ही त्याला ‘दिवाळीपर्यंत तरी आटपा’ असं लिहिलं असेल, तर ते एक वाक्य तुमच्या दोन साक्षीदारांना खाऊन टाकेल. उलटतपासणीत तो निरोप हातात देऊन एवढंच विचारलं जातं: ‘हा तुम्हीच पाठवलात ना?’ पुढचा प्रश्न विचारायची गरजच पडत नाही.

आता दुसरा प्रश्न, करार मोडला कुणी. इथे लोकांची मोठी चूक होते. उशीर झाला म्हणजे भंग झाला, असं गणित ते मांडतात. कोर्ट आधी पाळी कुणाची होती ते बघतं. करार म्हणजे दोन्हीकडून दिलेली वचनं, आणि करार कायद्याच्या कलम 51 ते 54 मध्ये या देवाणघेवाणीचा क्रम कसा लावायचा ते सांगितलं आहे. एकाने आपलं पाऊल टाकल्याशिवाय दुसऱ्याला टाकताच येत नसेल, तर न टाकणाऱ्याला दुसऱ्यावर बोट दाखवता येत नाही. कलम 67 खालचं उदाहरण तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: एकाने दुसऱ्याचं घर दुरुस्त करायचा करार केला, पण मालकाने दुरुस्ती कुठे हवी ते दाखवलंच नाही, त्यामुळे काम झालं नसेल तर कारागीर जबाबदारीतून सुटतो. नकाशाशिवाय पाया खणता येत नाही. म्हणून ते दोन महिने तुमच्या खात्यात जाणार, हे आत्ताच मान्य करा. वाद उरतो पुढच्या दोन महिन्यांचा.

मग मुदतीचा मुद्दा. कलम 55 विचारतं, मुदत हा कराराचा गाभा होता का? असेल, तर मुदत चुकताच समोरचा करार रद्द करू शकतो. नसेल, तर रद्द करता येत नाही, फक्त उशिराने झालेलं नुकसान मागता येतं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बांधकामाच्या करारांबाबत हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 1979 चा निकाल पाया मानला जातो. नाशिक डाव्या कालव्यावर जलसेतू बांधायचं काम, मुदत 12 महिने. मुदत उलटल्यावर सरकारने करार रद्द केला. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, करारात ‘मुदत हा गाभा आहे’ असं शब्दशः लिहिलं असलं तरी बाकीची कलमं बघावी लागतील. मुदतवाढीची सोय असेल, किंवा मुदतीनंतर रेंगाळलेल्या कामाला दर दिवसाला वा आठवड्याला दंड लावायची सोय असेल, तर मुदत गाभा नव्हती असंच त्यातून निघतं. कारण उघड आहे. दंड घेऊन उशीर चालवून घ्यायची तयारी तुम्हीच लिहून ठेवलीत. थोडक्यात, जे कलम तुम्ही स्वतःच्या संरक्षणासाठी घातलंत, तेच तुमचा रद्द करण्याचा हक्क कापतं.

शिवाय कलम 55 चा शेवटचा परिच्छेद कुणी वाचत नाही. मुदत गाभा असलेल्या करारातही तुम्ही उशिराचं काम स्वीकारलंत, तर स्वीकारतानाच ‘नुकसानभरपाई मागण्याचा हक्क राखून’ अशी सूचना द्यावी लागते. निमूट घेतलंत आणि नंतर आठवलं, तर उपयोग नाही. सहाव्या महिन्यानंतरची बिलं तुम्ही कसल्याही हरकतीशिवाय भागवली असतील, तर त्याचा वापर तुमच्या विरुद्ध होईल, हे धरून चला.

हप्ता अडवण्याचं काय? सगळं हप्ता कशाशी जोडला होता त्यावर आहे. ‘छपराचं काम झाल्यावर तिसरा हप्ता’ असं असेल आणि छप्पर झालं नसेल, तर तुम्ही बरोबर आहात. नुसतं ‘सहाव्या महिन्यात तिसरा हप्ता’ असेल, तर पैसे आणि काम एकमेकांना बांधलेले नाहीत आणि पैसे अडवणं हाच भंग ठरू शकतो. ठेकेदाराने माणसं काढली याचंही तसंच. कलम 39 म्हणतं, एखाद्याने करार पूर्णपणे पाळायलाच नकार दिला किंवा स्वतःला असमर्थ करून घेतलं, तर दुसरा करार संपवू शकतो. आठवडाभर माणसं आली नाहीत म्हणजे नकार नव्हे. साहित्य, यंत्रं, गोदामाची किल्ली घेऊन गेला, वर ‘आता काही होणार नाही’ असं लिहून दिलं, तर तो नकार. किरकोळ कसुरीवरून करार मोडीत काढता येत नाही. न्यूयॉर्कमध्येच 1921 साली निकाल लागलेल्या एका खटल्यात, ठेकेदाराने ठरलेल्या कंपनीचे नळ न घालता त्याच प्रतीचे दुसरे घातले म्हणून घरमालकाने शेवटची रक्कम अडवली होती. न्यायाधीश कार्डोझो म्हणाले, भिंती फोडून नळ बदलायचा खर्च मिळणार नाही, दुसऱ्या कंपनीच्या नळांमुळे घराच्या किमतीत पडलेला फरक तेवढा मिळेल, आणि तो जवळजवळ शून्य आहे.

माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींत सर्वात घातक कागद कोणता, तर रागाच्या भरात लिहिलेलं ‘करार रद्द’चं पत्र. हक्क नसताना रद्द केलं की तोपर्यंत बिनचूक असलेला माणूस त्या तारखेला भंग करणारा होतो. एका दाव्यात माझ्याच पक्षकाराने मला विचारायच्या आधी असं चार ओळींचं पत्र पाठवलं होतं. पुढची सहा वर्षं आम्ही त्या चार ओळींचा बचाव करत होतो.

तिसरा प्रश्न पैशाचा. कलम 73 प्रमाणे भंगामुळे स्वाभाविकपणे होणारं, किंवा करार करतानाच दोघांना दिसत होतं असं नुकसान मिळतं. लांबचं, आडवळणाचं नाही. शेड वेळेवर न झाल्याने एखादी मोठी ऑर्डर गेली असेल, पण त्या ऑर्डरबद्दल ठेकेदाराला काही माहीतच नसेल, तर ते विसरा. आणि जे मिळतं तेही अचूक सिद्ध करावं लागतं. मुरलीधर चिरंजीलाल यांच्या खटल्याची गोष्ट मी वारंवार सांगतो. कॅनव्हासचा सौदा, कानपूरहून कलकत्त्याला रेल्वेने माल लावून 5 ऑगस्ट 1947 ला पावती द्यायची. रेल्वेचं बुकिंग बंद, पावती आली नाही. भंग सिद्ध झाला. पण वादीने बाजारभाव सिद्ध केला तो कलकत्त्याचा, आणि माल द्यायचं ठिकाण होतं कानपूर. कानपूरचा त्या दिवसाचा भाव पुराव्यात नव्हताच. सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन दावा फेटाळला गेला.

‘पण माझ्या करारात आठवड्याचा दंड ठरलेला आहे’ असं तुम्ही म्हणाल. कलम 74 नुसार तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. तिच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई कोर्ट देतं. नुकसान मोजणं खरंच अवघड असेल आणि आकडा प्रामाणिक अंदाजाचा असेल, तर पैन्‌पैचा पुरावा लागत नाही. पण नुकसानच झालं नसेल तर काही मिळत नाही. 2015 च्या कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात दिल्ली विकास प्राधिकरणाने लिलावातली 78 लाखांची अनामत जप्त केली होती. बोली होती 3.12 कोटींची. तोच भूखंड नंतर 11.78 कोटींना विकला गेला. कोर्ट म्हणालं, तुमचं नुकसान कुठे झालं? अनामत परत करा. म्हणून शेड नसल्यामुळे बाहेर भाड्याने घेतलेली जागा, तिथली वाहतूक, थांबलेली यंत्रं यांच्या पावत्या आजपासून गोळा करा.

तुम्ही जेवढं सांगितलंत त्यावरून माझा अंदाज असा. मुदत गाभा नव्हती असं ठरेल, पहिले दोन महिने तुमच्या माथी येतील, पुढच्या उशिराची जबाबदारी ठेकेदारावर राहील, आणि निर्णय हप्त्याच्या कलमातल्या एका वाक्यावर अडेल. ते वाक्य तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही.

तोपर्यंत तीन गोष्टी. रद्दचं पत्र पाठवू नका. त्याऐवजी ठरावीक दिवसांत काम परत सुरू करा अशी नोटीस द्या, हक्क राखून ठेवत. अर्धवट कामाला हात लावायच्या आधी त्याची संयुक्त मोजमापं करून घ्या. तो आला नाही, तर दावा दाखल करून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेची पाहणी करून अहवाल देणारा माणूस, मागा, कारण दुसऱ्या ठेकेदाराने वर काम चढवलं की कुणाचं किती हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि करारनाम्याचं शेवटचं पान उघडून लवादाचं कलम आहे का ते बघा. असेल तर हे सगळं कोर्टाऐवजी लवादासमोर चालेल, आणि त्याने लावलेला कराराचा अर्थ कोर्टात बदलून मिळणं फार कठीण असतं. दावा लावायची मुदत भंगाच्या तारखेपासून तीनच वर्षांची आहे, आणि वाटाघाटी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.